शांघायमध्ये नोकरी आणि बिऱ्हाड : कागदांचा क्रम चुकू न देता

शांघायमध्ये प्रत्येक कागद आधीच्या कागदाला टेकून उभा असतो. भाड्याच्या घराची पोलीस ठाण्यातील नोंद भाडेकराराशिवाय होत नाही, मुक्कामाच्या नोंदीशिवाय निवास परवाना मिळत नाही, परवाना आणि स्थानिक मोबाइल क्रमांक हाती असल्याशिवाय बँकेचे काम सुरळीत होत नाही, आणि बँकेचे खाते नसेल तर पहिला पगार अडकतो. हे शहर नव्या माणसाला वाईट वागवत नाही; परंतु क्रम चुकला की तेच काम दोनदा करावे लागते. म्हणून हा लेख भारतातून, विशेषतः महाराष्ट्रातून, नोकरीसाठी शांघायला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी त्याच क्रमाने लिहिला आहे. इतर मोठ्या चिनी शहरांतही मूळ कायदा हाच आहे. कचेऱ्यांचे पत्ते आणि अंमलबजावणीचे बारकावे तेवढे बदलतात.

पहिली पायरी : कोणती नोकरी मिळू शकते

चीनमध्ये २०१७ पासून परदेशी कर्मचाऱ्यांची अ, ब आणि क अशी तीन गटांत वर्गवारी होते. बहुतेक भारतीय नोकरदार ब गटात बसतात. त्यासाठी सर्वसाधारणपणे पदवी, पदवीनंतरचा किमान २ वर्षांचा संबंधित अनुभव आणि ६० वर्षांखालील वय लागते. गुणांच्या पद्धतीने पाहायचे तर ६० गुणांना ब आणि ८५ गुणांना अ गट मिळतो; पगार, शिक्षण, वय, अनुभव आणि चिनी भाषेची परीक्षा यांचे गुण त्यात धरले जातात. थेट महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या तरुणाला अनुभवाच्या अटीमुळे ही वाट अवघड आहे, हे आधीच समजून घ्यावे.

भारतीयांना संधी प्रामुख्याने सॉफ्टवेअर, औषधनिर्मिती, वाहनांचे सुटे भाग, बँकिंग आणि मालखरेदी या क्षेत्रांत मिळते. मालखरेदी म्हणजे भारतीय कंपनीसाठी कारखाने शोधणे, मालाची तपासणी करणे आणि जहाजावर माल चढेपर्यंत पाठपुरावा करणे. शांघायजवळच्या च-च्यांग प्रांतातील यीवूचा घाऊक बाजार आणि शाओशिंगचा कापड बाजार यांच्याशी भारतीय व्यापाऱ्यांचा जुना संबंध असल्यामुळे हिंदी, इंग्रजी आणि थोडी चिनी येणाऱ्या माणसाला तेथे किंमत आहे. योगशिक्षकांनाही मागणी असते. मात्र त्यांचा परवानादेखील नोकरी देणाऱ्या संस्थेच्या नावावरच निघावा लागतो.

इंग्रजी शिकवण्याच्या जाहिरातींकडे पाहताना सावध राहावे. भाषाशिक्षकाने सामान्यतः त्या भाषेच्या मूळ देशाचा नागरिक असावे, अशी अट परवाना देताना लावली जाते आणि त्या देशांत भारत धरला जात नाही. शिवाय जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आल्यापासून हे क्षेत्र पार आक्रसले. ‘तुम्ही आधी व्यापारी व्हिसावर या, बाकीचे आम्ही पाहून घेऊ’ असे कोणी सांगितले की बोलणे तेथेच थांबवावे. परवान्याविना काम करणाऱ्या परदेशी व्यक्तीला ५,००० ते २०,००० युआन दंड होऊ शकतो, गंभीर प्रकरणात त्याशिवाय ५ ते १५ दिवस कोठडी, आणि देशाबाहेर पाठवणीही होऊ शकते. दलाल त्या वेळी फोन उचलत नाही.

नोकरी शोधण्याचा हंगाम ठरलेला आहे. चिनी नववर्षाच्या आधी वार्षिक बोनस हाती पडतो आणि सुट्टीहून परतल्यावर लोक नोकऱ्या बदलतात, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये जागा निघतात. दुसरी लाट सप्टेंबर-ऑक्टोबरची. लिंक्डइनने चीनमधील आपली स्थानिक सेवा २०२३ मध्ये बंद केली असली तरी बहुराष्ट्रीय कंपन्यांचे भरती अधिकारी परदेशी उमेदवार तेथेच शोधतात. चिनी वाचता येत असेल तर बॉस-चृपिन, लिएपिन आणि ५१जॉब या नोकऱ्यांच्या संकेतस्थळांवर खाते उघडावे. माझ्या मते मात्र सर्वांत भरवशाची वाट म्हणजे भारतात शाखा असलेल्या कंपनीत रुजू होऊन तेथून बदली मागणे, कारण कागदपत्रांचा निम्मा भार मग कंपनीचा मनुष्यबळ विभाग उचलतो.

दुसरी पायरी : निघण्यापूर्वीचे कागद

नियुक्तिपत्र मिळाल्याबरोबर तीन कागदांच्या मागे लागावे : पदवी प्रमाणपत्र, पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि अनुभवपत्र. यातील पहिले दोन प्रमाणित करून घ्यावे लागतात, आणि येथे एक गफलत हमखास होते. चीन ७ नोव्हेंबर २०२३ पासून अपोस्टील करारात, म्हणजे एका देशाचा कागद एकाच शिक्क्यावर दुसऱ्या देशात मान्य करण्याच्या करारात, सामील झाला आहे, त्यामुळे अनेक एजंट ‘आता अपोस्टील पुरे’ असे सांगतात. तो करार भारत आणि चीन या दोन देशांच्या दरम्यान लागू नाही. भारतीय पदवीला जुनाच मार्ग आहे : प्रथम राज्य सरकारच्या शिक्षण विभागाचे प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचे, आणि शेवटी चिनी वकिलातीचे. महाराष्ट्रातील अर्जदारांसाठी चीनची वाणिज्य वकिलात मुंबईत आहे. या तीन शिक्क्यांना मिळून एक ते दोन महिने धरावेत. विद्यापीठाने पडताळणीला वेळ लावला तर त्याहून अधिक. चारित्र्य दाखला पासपोर्ट सेवेतून मिळतो, परंतु त्याची वैधता मोजकी असल्याने तो फार आधी काढून ठेवू नये.

अनुभवपत्र कंपनीच्या लेटरहेडवर असावे आणि त्यात पद, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख, कामाचे स्वरूप आणि सही करणाऱ्याचा संपर्क असावा. ‘त्यांना भावी वाटचालीस शुभेच्छा’ एवढ्यावर संपणारे पत्र उपयोगाचे नाही.

नावाबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण मराठी माणसाचे नाव हे तीन पदरी असते. पदवीवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर पदवी एका नावाची आणि पासपोर्ट दुसऱ्याच. चिनी कार्यालयात पासपोर्टवरचे नाव अक्षर न् अक्षर प्रमाण मानले जाते. फरक असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र भारतातच करून, तेही प्रमाणित करून न्यावे. तेथे पोहोचल्यावरही लढाई संपत नाही. माझ्या पहिल्या खात्यात बँकेच्या कर्मचाऱ्याने नाव आणि वडिलांचे नाव यांमधली मोकळी जागा गाळली. मोबाइल कंपनीने ती ठेवली होती. परिणामी वीचॅट या संदेश आणि पैशांच्या ॲपला खाते काही जोडले जाईना, आणि दोन्हीकडे पासपोर्ट घेऊन पुन्हा जावे लागले. पहिल्याच दिवशी आपले नाव जसे टंकले गेले त्याचा फोटो काढून ठेवावा आणि पुढे प्रत्येक खिडकीवर तोच दाखवावा.

कागद पूर्ण झाले की तुमची कंपनी चीनमध्ये ऑनलाइन अर्ज करते आणि परकीय कामगार परवान्याचे सूचनापत्र मिळवते. ते हाती आल्यावर झेड व्हिसाचा, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा, अर्ज करता येतो. हा व्हिसा बहुधा एका प्रवेशाचा असतो; त्यावर मुक्कामाचे दिवस ‘०००’ असे छापलेले पाहून घाबरू नये. उतरल्यापासून ३० दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करा, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरी पायरी : करारावर सही करण्यापूर्वी

करार चिनी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असतो आणि वाद झाल्यास बहुधा चिनी मजकूर ग्राह्य धरला जातो, म्हणून तो स्वतंत्र माणसाकडून वाचून घ्यावा. कामगार करार कायद्यानुसार परिवीक्षेचा काळ कराराच्या मुदतीवर ठरतो : १ वर्षापेक्षा कमी मुदतीला जास्तीत जास्त १ महिना, १ ते ३ वर्षांच्या आतील मुदतीला २ महिने, आणि ३ वर्षे किंवा अधिक मुदतीला ६ महिने. परिवीक्षेतील पगार ठरलेल्या पगाराच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये.

पगाराचा आकडा करापूर्वीचा की हातात पडणारा, हे लेखी विचारावे. प्राप्तिकर ३ ते ४५ टक्क्यांच्या टप्प्यांत लागतो आणि वर्षाला ६०,००० युआनची मूळ वजावट मिळते. सामाजिक विम्यात कर्मचाऱ्याच्या वाट्याला निवृत्तिवेतनाचे ८ टक्के, वैद्यकीय २ टक्के आणि बेरोजगारीचे अर्धा टक्का येतात. भारत आणि चीन यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नसल्यामुळे या कपातीतून भारतीयांना सूट मिळत नाही. कंपनी घरभाड्याची रक्कम बिलावर परत देते का, हेही विचारावे. परदेशी कर्मचाऱ्यांना भाडे, मुलांचे शिक्षण आदी भत्त्यांवर मिळणारी करसवलत २०२७ च्या अखेरपर्यंत वाढवलेली आहे. याचा घर शोधण्याशी थेट संबंध आहे. तो पुढे येईल.

चौथी पायरी : पहिले ३० दिवस

पासपोर्ट सतत जवळ ठेवावा. १६ वर्षांवरील परदेशी व्यक्तीवर ते कायद्याने बंधनकारक आहे. उतरल्यापासून २४ तासांच्या आत मुक्कामाची पोलिसांकडे नोंद व्हावी लागते. हॉटेलात उतरल्यास हे काम हॉटेलच करते, म्हणून पहिले दहा-पंधरा दिवस हॉटेलात काढणे शहाणपणाचे. मित्राच्या घरी उतरलात तर मित्राला आणि घरमालकाच्या कागदांना घेऊन त्या भागातील पोलीस ठाण्यात, म्हणजे पायछूस्वोमध्ये, जावे. शांघायमध्ये ही नोंद ऑनलाइनही करता येते. मिळणारा कागद साधा दिसतो, परंतु पुढच्या प्रत्येक खिडकीवर तोच मागतात. घर, पासपोर्ट किंवा परवाना बदलला की नोंद नव्याने करावी.

त्यानंतर मोबाइल क्रमांक, मग वैद्यकीय तपासणी. तपासणी सरकारी प्रवासी आरोग्य केंद्रात होते. सकाळी उपाशीपोटी जावे. रक्त, छातीचा एक्स-रे, हृदयाचा आलेख, सोनोग्राफी आणि डोळे अशा खोल्यांमधून माणूस इतक्या वेगाने पुढे ढकलला जातो की तासाभरात तो बाहेर पडतो. प्रवेशापासून १५ दिवसांत कामाच्या परवान्याचा अर्ज करायचा असतो. डिसेंबर २०२४ पासून हा परवाना इलेक्ट्रॉनिक स्वरूपात, सामाजिक सुरक्षा कार्डाशी जोडून मिळतो. शेवटी निवास परवान्यासाठी पुतोंगमधील १५०० मिनशंग रोड येथील प्रवेश-निर्गमन कचेरीत जायचे. तेथे पासपोर्ट ठेवून घेतात आणि पावती देतात. देशांतर्गत प्रवासाला आणि हॉटेलला ती पावती चालते, मात्र त्या काळात भारतात जाता येत नाही. घरात लग्नकार्य असेल तर तारखा आधी जुळवून घ्याव्यात.

पाचवी पायरी : घर

शांघायची भुयारी रेल्वे १९९३ मध्ये सुरू झाली आणि आज तिचे जाळे ८०० किलोमीटरच्या पुढे गेले आहे; पहिल्या ६ किलोमीटरला ३ युआन पडतात. त्यामुळे घर कार्यालयाजवळ घेण्यापेक्षा योग्य मार्गिकेवर घेणे अधिक शहाणपणाचे. २ क्रमांकाची मार्गिका पुतोंग विमानतळापासून चांगच्यांगचे तंत्रज्ञान संकुल, लूच्याझुई आणि पीपल्स स्क्वेअर ओलांडून होंगछ्यावकडे जाते. कुबेई आणि चिनछ्याव हे परदेशी कुटुंबांचे जुने भाग आहेत. तेथे शाळा आणि दुकाने सोयीची असली तरी भाडे चढे आहे. एकट्याने राहणाऱ्याला तेथे जाण्याचे फारसे कारण नाही.

भाड्याची प्रथा ‘या यी, फू सान’ अशी आहे, म्हणजे १ महिन्याची अनामत आणि ३ महिन्यांचे भाडे आगाऊ. दलाली भाडेकरूकडून साधारण एका महिन्याच्या भाड्याच्या ३५ टक्के घेतात. समजा, भाडे ६,००० युआन आहे. तर किल्ली हातात येण्यापूर्वी २४,००० युआन आणि दलालीचे सुमारे २,१०० युआन मोजावे लागतात. पहिला पगार येईपर्यंत ही रक्कम स्वतःजवळ असली पाहिजे. नव्या माणसाची खरी अडचण येथेच होते आणि याची कल्पना भारतातून निघताना कोणी देत नाही.

घर पाहताना चार गोष्टी विचाराव्यात. पहिली, मालक पोलीस नोंदणीसाठी मालकीपत्राची प्रत आणि स्वतःचे ओळखपत्र देईल का. तो का-कू करत असेल तर घर कितीही देखणे असले तरी सोडावे. दुसरी, तो फाप्याव देईल का. फाप्याव म्हणजे करखात्याची अधिकृत पावती. वर सांगितलेली भाड्याची करसवलत याच पावतीवर मिळते, आणि मालक ती द्यायला तयार झाला तरी कराचा भार भाड्यावर टाकू पाहतो. म्हणून भाव ठरवण्याच्या आधी हा विषय काढावा, नंतर नव्हे. तिसरी, घराचे तोंड दक्षिणेला आहे का. चीनमध्ये सरकारी मध्यवर्ती तापयंत्रणा छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदीच्या उत्तरेला असते. शांघाय त्या रेषेच्या दक्षिणेला पडते. येथील हिवाळ्यात पारा शून्याच्या आसपास रेंगाळतो, हवा दमट असते आणि घरात भिंतीतून थंडी झिरपते. जून-जुलैमध्ये मेइयू, म्हणजे आलुबुखारे पिकण्याच्या काळातला संततधार पाऊस असतो, आणि कोकणातल्या श्रावणाप्रमाणे कपाटातल्या चपलांवर बुरशी येते. दक्षिणेकडील खिडकीतून येणारे ऊन या दोन्ही ऋतूंत उपयोगी पडते, म्हणूनच शेजारच्या आजीबाई पहिल्या उन्हाला गाद्या-रजया बाहेर काढतात. चौथी गोष्ट स्वयंपाकघराची : गॅस आहे की फक्त विजेची शेगडी, हे पाहावे. भाकरी टाकणाऱ्याला हा प्रश्न गौण नाही.

सहावी पायरी : पैसा आणि फोन

रोजचे सारे व्यवहार वीचॅट आणि अलीपे यांवर चालतात. भाजीवालाही क्यूआर कोड पुढे करतो. बँकेचे खाते उघडेपर्यंत भारतीय बँकेचे आंतरराष्ट्रीय कार्ड या ॲपना जोडता येते. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यावर ३ टक्के लागते. ॲप उतरवून घेऊन, पासपोर्टची पडताळणी भारतातच पूर्ण करून निघावे. पगारातून घरी पैसे पाठवताना बँक कर भरल्याचा दाखला आणि करार मागते. म्हणून करखात्याचे ॲप सुरू करून घ्यावे आणि १ मार्च ते ३० जून या काळात वार्षिक हिशेब मिटवावा.

घरच्यांशी बोलण्याचा पेच मात्र विचित्र आहे. चीनमध्ये व्हॉट्सॲप, गूगल आणि फेसबुक बंद आहेत, आणि वीचॅट भारतात जून २०२० पासून बंद आहे. म्हणजे तुमच्याकडचे ॲप आईकडे चालत नाही आणि आईकडचे तुमच्याकडे. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतल्यास इंटरनेट मूळ कंपनीच्या जाळ्यातून जाते आणि व्हॉट्सॲप चालते, परंतु रोजच्या गप्पांना ते महाग पडते. दोन्हीकडे आयफोन असल्यास फेसटाइम चालतो. ही बंदी ओलांडण्यासाठी वापरले जाणारे विनापरवाना व्हीपीएन कायद्यात बसत नाही, हे लक्षात ठेवून निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. एवढे मात्र अवश्य करावे : भारतीय सिम चालू ठेवावे, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो आणि ते बंद पडले की स्वतःच्याच खात्याबाहेर उभे राहण्याची पाळी येते. वेळेतील फरक अडीच तासांचा आहे. शांघायमध्ये रात्रीचे साडेनऊ वाजले की पुण्यात सात वाजलेले असतात.

सातवी पायरी : खाणे, भाषा, दवाखाना

शाकाहारी माणसाने ‘वो छृ सू’, म्हणजे मी शाकाहारी आहे, हे वाक्य पाठ करावे. तरीही पालेभाजीला डुकराची चरबी किंवा ऑयस्टर सॉस लावलेला असू शकतो, म्हणून तेलाबद्दल वेगळे विचारावे. नानचिंग पश्चिम मार्गावरील कुंगदलिन हे बौद्ध शाकाहारी उपाहारगृह १९२२ पासून चालू आहे. घरी स्वयंपाक करणाऱ्याची फार आबाळ होत नाही. मूग, शेंगदाणे, कोथिंबीर, आले-लसूण कोपऱ्यावरच्या बाजारात मिळतात. तूरडाळ आणि कढीपत्ता मात्र ऑनलाइन भारतीय दुकानांतून मागवावा लागतो. ज्वारीला चिनीत गावल्यांग म्हणतात आणि तिचे पीठ खरेदीच्या ॲपवर किलोने मिळते. ते बहुधा तांबूस असते आणि विरी कमी असते. उकळत्या पाण्याची उकड काढून मळले तर भाकरी थापता येते, रंगाने नाचणीच्या भाकरीची आठवण करून देणारी.

कार्यालयात इंग्रजीवर भागते, परंतु कुरिअरवाला, घरमालक आणि इमारतीचा पहारेकरी चिनीतच बोलतात. आकडे, पत्ता आणि दिशा एवढे पहिल्या महिन्यात शिकावे. वयस्कर टॅक्सीचालकाने देश विचारला तर डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे चिनी नाव ‘क दीह्वा’ सांगून पाहावे. सोलापूरचे हे डॉक्टर १९३८ मध्ये चीनमध्ये गेले आणि १९४२ मध्ये तेथेच वारले. जुन्या पिढीला ते नाव अजून माहीत आहे.

सरकारी रुग्णालयात आधी क्वाहाव, म्हणजे नोंदणी, मग पैसे, मग तपासणी आणि प्रत्येक चाचणीपूर्वी पुन्हा पैसे असा क्रम असतो. ह्वाशानसारख्या मोठ्या रुग्णालयात परदेशी रुग्णांसाठी वेगळा विभाग आहे. खासगी आंतरराष्ट्रीय दवाखान्यात विम्याशिवाय जाऊ नये. पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिकेसाठी १२०, अग्निशमनासाठी ११९ आणि शहराच्या चौकशीसाठी १२३४५ हे क्रमांक आहेत. पासपोर्टचे नूतनीकरण शांघायमधील भारतीय वाणिज्य वकिलातीत होते.

नोकरी बदलताना किंवा परतताना

कामाचा परवाना कंपनीशी बांधलेला असतो. राजीनामा देताना ३० दिवसांची लेखी सूचना द्यावी, आणि शेवटच्या दिवशी दोन कागद घेतल्याशिवाय बाहेर पडू नये : नोकरी सोडल्याचा दाखला आणि कामाचा परवाना रद्द झाल्याचा कागद. नवी कंपनी याच दोन कागदांवर परवाना आपल्या नावे करून घेते. निवास परवान्यावर अजून सहा महिन्यांची मुदत छापलेली दिसली तरी नोकरी संपल्यावर तिच्यावर विसंबून राहू नये. स्वतः प्रवेश-निर्गमन कचेरीत जाऊन पुढच्या मुक्कामाची व्यवस्था करून घ्यावी. मुदत उलटून राहिल्यास दिवसाला ५०० युआनप्रमाणे १०,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो.

कायमचे परतत असाल तर निवृत्तिवेतनाच्या वैयक्तिक खात्यात तुमच्या पगारातून जमा झालेली रक्कम अर्ज करून काढता येते. ती तुमच्याच चिनी खात्यात येते, म्हणून पैसे जमा होऊन भारतात पाठवेपर्यंत ते खाते आणि त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद करू नये. घराच्या अनामतीसाठी घरात राहायला येतानाच प्रत्येक खोलीचे आणि वीज, पाणी व गॅसच्या मीटरचे फोटो तारखेसह काढून मालकाला वीचॅटवर पाठवून ठेवलेले असावेत. सोडताना तेच फोटो उघडून, मालकाला घेऊन खोल्यांमधून एकदा फिरावे, आणि अनामत खात्यात जमा झाल्यावरच किल्ली त्याच्या हाती द्यावी.